ग्रेज इन ते दासगाव बंदर

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी विद्यापीठात कायद्याचा छोटा अभ्यासक्रम आणि जोडीला इंटर्नशिप, ही सोय आजची. शंभर वर्षांपूर्वी विलायतेत कायदा शिकणे म्हणजे लंडनच्या चार ‘इन्स’पैकी एकीत नाव दाखल करणे. वर्षाला चार, अशी बारा सत्रे भरावी लागत. आणि सत्र भरणे म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येइतकी जेवणे घेणे! परीक्षा वेगळ्या. प्रत्यक्ष काम शिकायचे असेल तर ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये शुल्क भरून उमेदवारी करायची.

आंबेडकरांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडचे कर्ज एवढ्या बळावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले.

या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, सावित्रीकाठच्या महाडला.

२० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरच्या दिवाणी दाव्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही, आणि माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे असे ठिकाण तेच आहे. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी सुरू असताना महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावला: तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी त्याला स्पर्श न करण्याची रूढी अनादी आहे. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२४ डिसेंबरला आंबेडकर सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. धरमतर बंदर जवळचे. पण महाडच्या मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर काय, म्हणून दासगाव निवडले. तिथून महाड पाच मैल, चालत गाठता येण्याजोगे. दुसऱ्या दिवशी ते दासगावला उतरले, तेव्हा बंदरावर पोलीस अधिकारी कलेक्टरांचा निरोप घेऊन उभेच होते.

आता पेच पाहा. परिषदेला जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. सरकारचा हुकूम मोडणे एक. पण ज्या न्यायालयात आपला हक्क सिद्ध करायचा, त्याचाच हुकूम मोडायचा का? २५ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले, मात्र तळ्यावरचा सत्याग्रह चर्चेअंती स्थगित झाला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली; पाण्याला कोणी हात लावला नाही. अनेकांना ते कडू वाटले असणार. हा निर्णय नुसत्या सावधगिरीतून आला नव्हता. इंग्रजी कायद्यात रूढीला बळ हवे असेल तर ती अनादी, निश्चित, अखंड आणि वाजवी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि ते ओझे रूढी सांगणाऱ्यावर असते. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे गावकीत शेवटचे वाक्य. कोर्टात ते पहिले वाक्य ठरते, कारण लगेच पुरावा मागितला जातो. आंबेडकरांनी लढाई त्या जागी नेली.

वाट मात्र लांबली. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादी अपिलात गेले, तिथेही हरले, मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: तळे नगरपालिकेचे, आणि सांगितलेली अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

जाता जाता: हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ते वर्षही तेच.