वऱ्हाडातील पदवी विद्यार्थ्यांचे जीवशास्त्रीय संशोधन

अमरावती, अकोला आणि त्यांच्या आसपासच्या महाविद्यालयांत पदवीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र व कृषिशास्त्र या विषयांत प्रकल्प आणि सर्वेक्षणे करतात. स्थानिक जीवसृष्टीच्या या अभ्यासाचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. वऱ्हाड म्हणजे आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम हे पाच जिल्हे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही हेच आहे. अशा अभ्यासातून पदवीच्या गुणांपलीकडे काही टिकून राहते की नाही, हे मुख्यतः नोंदीच्या विश्वसनीयतेवर, तिच्या जतनावर आणि पुढील वर्षी तीच नोंद पुन्हा घेतली जाण्यावर अवलंबून असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

वऱ्हाडच्या उत्तर भागात सातपुड्याची गाविलगड ही डोंगररांग आहे. चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण याच रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले आहे. या डोंगराळ प्रदेशाला मेळघाट म्हणतात. साग, बांबू, मोह, तेंदू, सालई व धावडा ही येथील पानझडी वनांतील प्रमुख झाडे होत. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या मेळघाटातून वाहत जाऊन तापीला मिळतात. देशात व्याघ्र प्रकल्प योजना १९७३ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. अकोला जिल्ह्यातील नरनाळा व काटेपूर्णा ही अभयारण्ये आणि वाशीम जिल्ह्यातील काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य ही या भागातील अन्य संरक्षित क्षेत्रे आहेत.

डोंगराच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरलेले आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या खोऱ्याच्या मोठ्या भागात भूजल खारे असून त्यास खारपाण पट्टा म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने निर्माण झालेले, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. पानझडी अरण्य, कापसाची शेते, खारी जमीन, शहरी तलाव आणि अल्कधर्मी सरोवर असे परस्परांहून भिन्न अधिवास येथील विद्यार्थ्यांना एक-दोन दिवसांच्या प्रवासाच्या टप्प्यात उपलब्ध आहेत.

संस्थात्मक पार्श्वभूमी

अमरावती येथे १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज स्थापन झाले. पुढे ते विदर्भ महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने चालते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. अमरावतीचे श्री शिवाजी विज्ञान महाविद्यालय आणि अकोल्याचे श्री राधाकिसन लक्ष्मीनारायण तोष्णीवाल विज्ञान महाविद्यालय येथेही जीवशास्त्राच्या शाखांचे अध्यापन होते. दर्यापूर येथील जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय कोळ्यांच्या संशोधनासाठी ओळखले जाते. कृषी शाखेसाठी अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे.

वनस्पतींच्या अभ्यासकांना दोन ग्रंथ विशेष उपयोगी ठरले आहेत. आर. आय. पटेल यांचा मेळघाटातील वनस्पतींवरील ग्रंथ १९६८ मध्ये प्रकाशित झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील एस. वाय. कांबळे व एस. जी. प्रधान यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या तालुक्यात आढळलेली वनस्पती पूर्वी नोंदली गेली होती किंवा कसे, हे विद्यार्थ्यास अशा ग्रंथांवरून ताडून पाहता येते.

अभ्यासक्रमातील स्थान

पदवी स्तरावर क्षेत्रीय अभ्यासास चालना देणाऱ्या काही घटना पुढीलप्रमाणे आहेत.

पर्यावरण शिक्षण: एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकविण्याचा आदेश दिला. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात क्षेत्रीय कामाचा अंतर्भाव असल्याने कला व वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही नदी, तलाव किंवा माळरानाची पाहणी करू लागले.

विच्छेदनास पर्याय: बेडूक, झुरळ, गांडूळ इत्यादी प्राण्यांचे विच्छेदन हा प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचा दीर्घकाळ मुख्य भाग होता. आयोगाने २०११ मध्ये ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या व २०१४ मध्ये ते बंद करण्याच्या सूचना दिल्या. त्यामुळे जिवंत प्राण्याचे त्याच्या अधिवासातील निरीक्षण हा प्रात्यक्षिकाचा एक मार्ग म्हणून पुढे आला.

आविष्कार: महाराष्ट्राच्या कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून आविष्कार हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन भरते. त्यात पदवी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०: या धोरणानुसार आखलेल्या राज्याच्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. चार वर्षांच्या संशोधनासह पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक मानले असून चौथ्या वर्षी प्रबंध सादर करावा लागतो.

कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत जातात. गावकरी त्यांना कृषीदूत व कृषीकन्या या नावांनी ओळखतात.

अभ्यासाचे प्रमुख विषय

तलाव व नद्या: अमरावतीचे वडाळी व छत्री हे तलाव आणि अकोल्याजवळील कापशी तलाव हे हिवाळी पक्षिनिरीक्षणास सोयीचे आहेत. पाण्याचा सामू, विरघळलेला प्राणवायू, क्षारता व प्लवक यांची मासिक मोजणी हा या क्षेत्रातील रूढ प्रकल्प होय. अकोला शहरातून वाहणारी मोर्णा नदी जलपर्णीने व्यापली होती. जानेवारी २०१८ मध्ये नागरिकांच्या मोठ्या सहभागाने तिच्या स्वच्छतेची मोहीम झाली. अशा मोहिमेचा परिणाम किती टिकला, हे आधीची व नंतरची मोजमापे हाती असल्यासच सांगता येते.

शेतीतील कीटक: कापूस हे वऱ्हाडचे प्रमुख पीक आहे. बीटी कापसाच्या लागवडीस देशात २००२ मध्ये मान्यता मिळाली. कालांतराने गुलाबी बोंडअळीने त्यातील विषास प्रतिकारक्षमता मिळविली आणि २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भात तिचा तीव्र प्रादुर्भाव झाला. कामगंध सापळ्यात दर आठवड्यास सापडणाऱ्या पतंगांची गणना अल्प खर्चात करता येते. वरुड व मोर्शी भागातील संत्र्यावर काळ्या माशीमुळे पडणारी कोळशी हाही अभ्यासाचा विषय आहे.

सूक्ष्मजीव: लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या जवळपास असतो. अशा पाण्यात वाढणारे जीवाणू व त्यांची विकरे यांवर बरेच काम झालेले आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवरास रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

लोकवनस्पतिशास्त्र: मेळघाटातील कोरकू समाजास रानभाज्या, कंदमुळे व औषधी वनस्पतींचे परंपरागत ज्ञान आहे. असे ज्ञान लिहून घेताना सांगणाऱ्याची पूर्वसंमती घेणे आणि त्याचे श्रेय त्यास देणे अपेक्षित असते.

अभ्यासपद्धती

वनस्पतींच्या गणनेसाठी ठरावीक मापाची चौकट आखून तिच्यातील प्रत्येक जातीची झाडे मोजतात. पक्षी व फुलपाखरांसाठी निश्चित मार्गावरून ठरावीक वेगाने चालत दोन्ही बाजूंच्या नोंदी घेतात. जमिनीवरील कीटक व कोळी यांच्यासाठी मातीत पेला पुरून खड्डा-सापळा करतात. पाण्यातील प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजतात. वनस्पतीचा नमुना वाळवून व दाबून जाड कागदावर चिकटवतात आणि त्यास नामपट्टी जोडतात. तीवर शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, दिनांक, अधिवास व संकलकाचे नाव असते. पुढे नाव चुकीचे ठरले तरी ते दुरुस्त करता येते. ठिकाण व दिनांक यांची उणीव मात्र नंतर भरून निघत नाही.

रानपिंगळ्याचे उदाहरण

नोंदीतील ठिकाण व दिनांकाचे महत्त्व रानपिंगळा या घुबडाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर तिचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला एक नमुना मात्र संग्रहालयात होता. पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत हा मुळात जुना, संग्रहालयातून चोरलेला नमुना असून त्यावर खोटी नामपट्टी लावल्याचे उघड झाले. ती नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेण्यात आला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातील शहाद्याजवळ ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढील सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला. एकोणिसाव्या शतकातील संकलकांच्या प्रामाणिक नामपट्ट्या शंभराहून अधिक वर्षांनी उपयोगी पडल्या. उलट, एका खोट्या पट्टीने जातीच्या प्रसाराविषयी दीर्घकाळ गैरसमज पसरविला.

कायदेशीर व नैतिक बाबी

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये येथे अभ्यासासाठी परवाना लागतो. अनुसूचित प्राणी पकडणे, त्यांची अंडी वा घरटी हलविणे हा गुन्हा आहे. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्या लोकजैवविविधता नोंदवही तयार करतात. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे किंवा दुर्मिळ जातीचे नेमके ठिकाण जाहीर करणे टाळावे, असा संकेत आहे. महाविद्यालयाचे आवार, गावतलाव, पांदण व शेताचा बांध या जागा संरक्षित क्षेत्राबाहेर असून आरंभीच्या अभ्यासास अधिक सोयीच्या ठरतात. शेताच्या बांधावर काम करताना मालकाची परवानगी घ्यावी लागते.

मर्यादा

सत्र पद्धतीत प्रकल्पास तीन-चार महिनेच मिळतात. एप्रिल व मे महिन्यांत परीक्षा व सुट्टी असल्याने उन्हाळी जीवनक्रम नोंदींतून निसटतो. हाच काळ मेळघाटात रानपाणवठ्यांवर प्राणी एकवटण्याचा असतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावरून निरीक्षणाचा उपक्रम घेतो व त्यात विद्यार्थीही सहभागी होतात. त्यातून अनुभव मिळतो. तथापि एका रात्रीच्या दर्शनांवरून प्राण्यांची संख्या ठरविता येत नाही, आणि वाघांच्या अंदाजासाठी आता स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर होतो.

एका तुकडीने केलेली पक्ष्यांची यादी एका हिवाळ्याचे चित्र दाखविते. पाऊस कमी पडल्याने बदके आली नाहीत की तलावच बिघडला, हे त्या यादीवरून कळत नाही. त्याच तलावाची, त्याच मार्गाने व त्याच महिन्यांत पुढच्या तुकड्यांनी केलेली गणना एकत्र ठेवली, तर बदलाची दिशा दिसू लागते. याकरिता पद्धत लिहून ठेवणे आणि न आढळलेल्या जातींचाही निर्देश करणे गरजेचे असते.

नोंदींचे जतन

प्रकल्पाची वही मूल्यमापनानंतर रद्दीत गेल्यास तिच्यातील निरीक्षणे कायमची नष्ट होतात. विभागातील वनस्पतिसंग्रहात नमुना जमा करणे, नोंदींची प्रत ग्रंथालयात ठेवणे, तसेच त्या ईबर्ड व आयनॅचरलिस्ट या खुल्या संकेतस्थळांवर भरणे हे जतनाचे प्रचलित मार्ग आहेत. दरवर्षी फेब्रुवारीत महाविद्यालयांच्या आवारात होणाऱ्या कॅम्पस बर्ड काउंट या चार दिवसांच्या गणनेत कोणतेही महाविद्यालय भाग घेऊ शकते. तिला विशेष साधनसामग्री लागत नाही. दुर्बीण, वही आणि नोंद घेतल्याचा दिनांक व वेळ एवढ्यावर ती पूर्ण होते, आणि तिच्या नोंदी पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना तुलनेसाठी उपलब्ध राहतात.