भाईंदरचं 'माईंदर'

२००९ साली नया नगरात माझ्या मामूंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. बोर्ड चार भाषांत, आत दोन जुने कॉम्प्युटर. विंडोज विकत घेणं परवडत नव्हतं आणि चोरीचं ठेवायला मामू घाबरायचे. म्हणून मी कॉलेजातून फेडोराची सीडी आणून एका मशीनवर लिनक्स टाकलं. सगळं चाललं, फक्त मराठी अक्षरं धुकट दिसायची.

एकदा शेजारच्या खालांचा सरकारी अर्ज मी टाइप केला. पत्त्यात 'मीरा-माईंदर' गेलं. भ आणि म यांत फरक किती, तर शिरोरेषेतली एक फट आणि डावीकडची गाठ. घ आणि ध यांचंही तसंच. पडद्यावर ती फट राखाडी झाली की डोळा फसतो. अर्ज परत आला आणि खालांचा एक दिवसाचा रोज बुडाला. मामू एवढंच म्हणाले, "तू शिकलेला आहेस ना रे?"

चूक माझीच होती. पण विंडोजवर तोच फॉन्ट, तेवढ्याच आकारात, स्वच्छ दिसायचा. फॉन्ट होता मंगल, मित्राच्या मशीनवरून आणलेला. (परवाना वाचायच्या भानगडीत पडलो नाही. चोरीचं नको म्हणणाऱ्या मामूंना हे सांगितलंही नाही.) मंगलची अक्षरं आपल्याच मुंबईतले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांची. मग ती लिनक्सवर अशी का दिसावीत?

उत्तर फॉन्टच्या फाइलमध्येच होतं. अक्षराची बाह्यरेषा गणिती असते आणि पडदा चौकटींचा. शिरोरेषा दीड चौकट जाडीची आली तर ती एक करायची की दोन? हे ठरवणाऱ्या बारीक सूचना ट्रूटाइप फॉन्टच्या पोटातच असतात. हे तंत्र ॲपलचं, १९९१मध्ये बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टने ॲपलशी करार केला होता. पण त्या सूचना चालवण्याच्या पद्धतीवर ॲपलची अमेरिकन पेटंट होती.

लिनक्सवर अक्षरं काढण्याचं काम फ्रीटाइप करतं. डेव्हिड टर्नरने ते १९९६मध्ये सुरू केलं. या मंडळींनी सूचना वाचणारा कोड स्वतः लिहिला होता, पण १९९९मध्ये ॲपलने पेटंटची आठवण करून दिली. मग तो कोड आत ठेवून बंद करण्यात आला. त्याच्या जागी अंदाजाने अक्षर बसवणारी सोय आली, मुळात लॅटिन लिपी समोर ठेवून लिहिलेली. तिला शिरोरेषेचं काय पडलेलं!

मला खरा राग आला तो पुढचं वाचून. भारतात पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहे. २००२च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट लिहिलंय, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही. २००४च्या अखेरीस सरकारने वटहुकूम काढून हे दार किलकिलं केलं. २००५मध्ये संसदेने ते पुन्हा लावून घेतलं. म्हणजे आपल्या देशाने विचार करून घेतलेला निर्णय होता. पण फेडोरामागची रेड हॅट कंपनी अमेरिकेतली, त्यामुळे सीडी तिथल्या कायद्याला घाबरून तयार व्हायची. नया नगरातला भ नॉर्थ कॅरोलिनाच्या हिशेबाने काढला जात होता.

तोडगा लोकांनीच काढला होता. फेडोराबाहेरच्या एका भांडारात 'फ्रीवर्ल्ड' नावाने फ्रीटाइपची वेगळी प्रत मिळायची, बंद ठेवलेला कोड चालू केलेली. रात्री सायबर कॅफेत पेन ड्राइव्हवर उतरवली. सकाळी भ, भ दिसला.

मे २०१०मध्ये त्या पेटंटची मुदत संपली. जुलैत आलेल्या फ्रीटाइप २.४मध्ये तो कोड आपोआप चालू झाला. (रंगीत उपचौकटी वापरून अक्षर धारदार करायच्या मायक्रोसॉफ्टच्या क्लियरटाइपची पेटंट मात्र २०१९पर्यंत टिकली.) तुमच्या हातातल्या अँड्रॉइडमध्येही फ्रीटाइपच आहे. पण आता चौकटी इतक्या बारीक झाल्यात की ही कटकट तुम्हाला कळतही नाही.

त्या पावसाळ्यात मी दुकानातलं मशीन अपडेट केलं आणि 'फ्रीवर्ल्ड' काढून टाकलं. मामूंना बोलावून पडद्यावरचं 'मीरा-भाईंदर' दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"यात बदललं काय?"

"काही नाही मामू, मुदत संपली."

"कसली?" म्हणेपर्यंत काउंटरवर कुणीतरी रेशन कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलं होतं.