पेशीबाहेरचा तर्कू: एका प्रयोगपद्धतीचा इतिहास

पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी तर्कू करतो. तर्कू म्हणजे सूक्ष्मनलिकांची, दोन्ही टोकांना निमुळती होणारी रचना. वाटणी चुकली तर परिणाम गंभीर होतात. २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आल्यास डाउन संलक्षण उद्भवते. परंतु जिवंत पेशीत असंख्य क्रिया एकाच वेळी चालतात. त्यामुळे तर्कू घडण्यासाठी नेमके काय पुरेसे आहे, हे तिथे ठरवणे अवघड असते. म्हणून संशोधकांनी ही रचना पेशीबाहेर अभ्यासायला घेतली.

१९५२ मध्ये डॅनियल मेझिया आणि कात्सुमा दान यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांतून अखंड तर्कू वेगळा केला. त्याचे रासायनिक विश्लेषण शक्य झाले, पण त्याचे कार्य मात्र थांबलेले होते. १९७२ मध्ये रिचर्ड वायझेनबर्ग यांनी उंदराच्या मेंदूतील ट्युब्युलिन या प्रथिनापासून परीक्षानळीत सूक्ष्मनलिका घडवल्या. १९८३ मध्ये लोहका आणि मासुई यांनी बेडकाच्या अंड्यांतील पेशीद्रव्य काढून त्यात शुक्रपेशींची केंद्रके मिसळली. पेशी नसतानाही त्यांतून गुणसूत्रे आकाराला आली.

खरे वळण १९९६ मध्ये आले. रेबेका हील्ड, एरिक कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी अशाच अर्कात डीएनएचे आवरण दिलेले सूक्ष्म मणी टाकले. तिथे तारककाय नव्हता, गुणसूत्रावरील कायनेटोकोरही नव्हता. तरीही मण्यांभोवती द्विध्रुवी तर्कू उभा राहिला.

पण गुणसूत्राचा हा प्रभाव किती अंतरापर्यंत पोहोचतो? २००८ मध्ये चैतन्य आठले, कार्सेंटी आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांचा अर्क आणि संगणकीय प्रतिरूपे यांची सांगड घालून दाखवले, की सूक्ष्मनलिकांना स्थैर्य देणारा प्रभाव दूरवर पोहोचतो आणि मग झपाट्याने ओसरतो. आठले पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत रुजू झाले. मुंबईच्या आयआयटीत बोकडाच्या मेंदूतून ट्युब्युलिन मिळवून असेच पेशीबाहेरचे प्रयोग झाले आहेत.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. १९९७ मध्ये हील्ड यांच्याच गटाला आढळले, की अर्कात तारककाय असेल तर तर्कूचे ध्रुव तोच ठरवतो. म्हणजे परीक्षानळी ‘काय पुरेसे आहे’ हे सांगते. ‘पेशी प्रत्यक्षात काय वापरते’ हे पाहण्यासाठी मात्र पुन्हा पेशीकडेच जावे लागते.