आधी झाड की आधी तार? नदीकाठच्या छाटणीवर देखरेख कोणाची

आजचा विषय दिसायला लहान आहे: विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्यांची छाटणी. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची कामं निघतात. सकाळी वीज बंद होते, शिड्या, कोयते, करवती घेऊन माणसं येतात आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या एका बाजूची झाडं निम्मी झालेली असतात. नदीकाठच्या रस्त्यांवर हे हमखास दिसतं. शहरात उरलेला सलग मोकळा पट्टा नदीकाठीच असतो, त्यामुळे तारा न्यायला तिथे घरं आड येत नाहीत आणि झाडंही तिथेच टिकलेली असतात.

कोणती फांदी कापायची, किती कापायची, केव्हा कापायची, हे कोण ठरवतं? त्यावर गावाची किंवा शहराची काही देखरेख आहे का? याचं उत्तर शोधायला आपल्याला जवळजवळ एकशे चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी एक टप्पा घेऊ. अठराव्या शतकाच्या आरंभीचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आपल्या परिचयाचं आहे. आरमाराला लाकूड हवंच, हे त्यात मान्य केलेलं आहे. पण रयतेची आंबा-फणसासारखी झाडं वर्षानुवर्षं जपून वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, आणि एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे राज्याची गरज मोठी असली, तरी झाड ज्याचं आहे त्याला विचारायचं. विचारण्याची ही अट पुढे कायद्यात कशी आली आणि कुठे विरून गेली, ते पाहू.

भारतात तार प्रथम आली ती निरोपांची. १८५१ च्या सुमारास कोलकाता ते डायमंड हार्बर अशी तारायंत्राची वाहिनी झाली, १८५४ मध्ये तारायंत्राचा पहिला कायदा झाला. पण आपल्याला महत्त्वाचा आहे तो १८८५ चा भारतीय तार कायदा. हा कायदा बहुतेक वेळा सरकारच्या हाती अनिर्बंध सत्ता देणारा म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहे. खाजगी जमिनीवरून तार नेण्याचा अधिकार त्याने तार खात्याला दिला. तरीही त्याची तीन कलमं नीट वाचली पाहिजेत.

दहाव्या कलमात एक अट आहे: जी मालमत्ता स्थानिक संस्थेच्या ताब्यात किंवा व्यवस्थेखाली आहे, तिथे त्या संस्थेच्या परवानगीशिवाय हे अधिकार वापरायचे नाहीत. बाराव्या कलमात पुढचं पाऊल आहे: ही परवानगी देताना स्थानिक संस्था वाजवी अटी घालू शकते, खर्चाच्या बाबतीत आणि काम केव्हा, कसं करायचं याच्याही बाबतीत. बघा, वसाहतीच्या काळातला कायदा, नगरपालिकांचे अधिकार तेव्हा तुटपुंजे, तरी कामाची वेळ आणि पद्धत यावर बोलण्याचा हक्क त्यांना लेखी मिळाला होता.

आणि अठरावं कलम थेट झाडांचं. एखादं झाड तारेच्या कामात अडथळा आणत असेल किंवा आणण्याची शक्यता असेल, तर तार खात्याने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. झाड काढायचं की आणखी काही करायचं, हे दंडाधिकारी ठरवेल. पुढे त्यातच म्हटलंय की झाड तारेच्या आधीपासून तिथे असेल, तर त्यात ज्याचा हितसंबंध आहे त्याला नुकसानभरपाई द्यायची. तार आधी की झाड आधी, हा प्रश्न कायद्याने १८८५ मध्येच विचारला होता. जो आधी आला त्याचा काही मान आहे, हे तत्त्व त्यात होतं.

पण याच कायद्यात एक फटही होती. अकराव्या कलमाने तार खात्याला तपासणी, दुरुस्ती, फेरफार किंवा तार काढण्यासाठी कधीही जागेत शिरण्याची मुभा दिली. नवी तार टाकायला परवानगी, पण देखभालीला मोकळी वाट. पुढच्या काळात छाटणी हळूहळू या ‘देखभाल’ शब्दाच्या आड गेली, असं आमचं वाचन आहे.

आता विजेकडे येऊ. १९१० चा भारतीय वीज कायदा झाला. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटाखालून मुंबईपर्यंत वीज येऊ लागली. १९१० च्या कायद्यातलं झाडांचं कलम म्हणजे तार कायद्यातल्या कलमाचंच भावंड: अर्ज, दंडाधिकारी, आणि आधीच्या झाडासाठी भरपाई. २००३ च्या वीज कायद्यात ६८ व्या कलमात तेच पुन्हा आलं. वीज परवानाधारकाने अर्ज करायचा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने निर्णय द्यायचा, झाड तारेच्या आधीचं असेल तर भरपाई ठरवायची. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांत. एकशे अठरा वर्षांत काळ बदलला, राज्य बदललं, वाक्य मात्र जवळपास तेच राहिलं.

बदलली ती तार. निरोपाच्या तारेला फांदी लागली तर निरोप अडतो. विजेच्या उघड्या तारेला ओली फांदी लागली तर माणूस मरतो. उन्हाने आणि भाराने तार सैल होऊन खाली झुकते, वाऱ्याने झुलते, म्हणून झाड आणि तार यांच्यात अंतर लागतंच. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे अंतर ११ केव्हीला २.६ मीटर, १३२ केव्हीला ४ मीटर आणि २२० केव्हीला ४.६ मीटर असं दिलेलं आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झुकलेल्या तारा झाडांना लागल्या, आणि इतर बिघाडांची भर पडून अमेरिका-कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. वीज कंपन्यांची बाजू खोटी नाही. भर पावसात रात्री खांबावर चढणाऱ्या लाइनमनचा जीव या अंतरावर अवलंबून असतो. त्यामुळे ‘छाटणी नकोच’ असं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. प्रश्न आहे तो छाटणीवर नजर कोणाची, हा.

इथे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा येतो. ग्रामीण भागासाठी १९६४ चा झाडं तोडण्याचं नियमन करणारा कायदा होता, तो ठरावीक जातींच्या झाडांपुरता. शहरांसाठी १९७५ मध्ये महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आला. प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, ठरावीक काळाने झाडांची गणना आणि पूर्वपरवानगीशिवाय तोड नाही, ही त्याची चौकट. या कायद्यातली ‘झाड तोडणे’ची व्याख्या फार महत्त्वाची आहे. तिच्यात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे बुंध्यावर कुऱ्हाड पडली तरच तोड, असं हा कायदा मानत नाही. निम्मा विस्तार उडवणं हीसुद्धा इजाच. महापालिकांच्या अर्जात ‘विस्तार कमी करणे’ हा शब्दप्रयोग आपण वाचतो, तो इथूनच अर्थपूर्ण होतो.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ मानलं गेलं. वय हा निकष पुन्हा कायद्यात आला. १८८५ च्या कायद्याने विचारलेला ‘आधी कोण’ हा प्रश्न असा वेगळ्या दारातून परत आला.

मग एकाच झाडाला दोन कायदे लागू झाले. वीज कायदा सांगतो, दंडाधिकाऱ्याकडे जा. वृक्ष कायदा सांगतो, नगरपालिकेकडे या. वीज कायद्यात तो इतर विसंगत कायद्यांवर वरचढ ठरेल असं कलम आहे, आणि त्याचा आधार घेतला जातो. पण आमच्या मते विसंगती तिथेच असते जिथे दोन्ही कायदे एकाच वेळी पाळता येत नाहीत. तार सुरक्षित ठेवणं आणि कोणती फांदी, कोणत्या महिन्यात, कोणाच्या उपस्थितीत कापायची हे आधी नोंदवून घेणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा दोन्ही दारं बाजूला पडतात. ‘देखभाल’ म्हटलं की अर्ज नाही, नोंद नाही, भरपाईचा प्रश्नच नाही.

आता नदीकाठ. आपल्या नद्यांच्या काठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज ही झाडं असतात. वाळुंज आणि करंज पाण्यालगत मुळांची जाळी विणून काठ धरून ठेवतात. अशा झाडाची तारेकडची बाजू दरवर्षी कापत गेलं की भार दुसऱ्या बाजूला जातो, आणि पुरात माती भिजून सैल झाली की झाड त्या बाजूला कलंडतं. तारेच्या सुरक्षिततेसाठी केलेलं काम काठाच्या सुरक्षिततेवर उलटू शकतं. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या कामांचा हंगाम आणि कावळ्यांसारख्या पक्ष्यांच्या विणीचा हंगाम एकच असतो. बगळ्यांच्या वसाहती त्यानंतर लगेच, पावसाळ्यात भरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

आणि तरी नदीकाठच्या झाडांचा खास असा पहारेकरी महाराष्ट्रात नाही. जमीन महसूल संहितेनुसार नदीचं पात्र सरकारचं. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण त्या रेषा बांधकामाकडे बघतात, फांद्यांकडे नाही. २००० मध्ये राज्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं. त्याचा भर नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा यावर होता. २०१५ मध्ये तेही मागे घेतलं गेलं.

याच्या उलट खाडीकाठ बघा. तिथल्या कांदळवनांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या अंतिम निकालाने तोडीला बंदी आली, भोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा ठरला, आणि सार्वजनिक कामासाठीही, त्यात वीज वाहिन्या आल्या, उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कांदळवनं वाचवायला याचा मोठा उपयोग झाला. पण देखरेख गावातून निघून थेट उच्च न्यायालयात गेली, हेही खरं. स्थानिक संस्थेने आपलं काम केलं नाही की अधिकार वर सरकतो. करंजाच्या प्रत्येक फांदीसाठी उच्च न्यायालयात जाता येणार नाही. नदीकाठाला म्हणून उरतं ते नगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरणच.

त्याचीही अवस्था बघितली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घ काळ प्रशासकांचा कारभार चालला. ज्या प्राधिकरणात नगरसेवकांनी बसायचं, तिथे लोकांनी निवडलेलं कोणी नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यात नदीकाठची झाडं वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, झाडांना मिठ्या मारल्या. ते आंदोलन तोडीविरुद्ध होतं. छाटणीसाठी असं कोणी उतरत नाही, कारण झाड उभंच असतं. ते दर वर्षी थोडं थोडं कमी होतं, आणि ही झीज मोजायची तर आदल्या वर्षाची नोंद लागते.

तर मग स्थानिक देखरेख म्हणजे नेमकं काय? नवा कायदा लागेलच असं नाही. जुन्या कायद्यांमध्ये जे सांगितलेलं आहे तेवढं केलं तरी बरंच होईल. पहिलं, वृक्षगणनेत झाडाची जात, घेर, उंची यांच्याबरोबर त्यावरून जाणारी तार आणि ती कधी टाकली ते वर्ष लिहावं. मुंबईच्या गणनेत जवळजवळ पावणेतीस लाखांवर झाडं नोंदली गेली. एवढं काम होऊ शकतं, तर त्यात एक रकाना वाढवणं अवघड नाही. ते वर्ष लिहिलं की ‘आधी कोण’ याचं उत्तर कागदावर मिळतं आणि भरपाईचं कलम जिवंत होतं. दुसरं, वीज कंपनीने नदीकाठच्या छाटणीची यादी हिवाळ्यातच वृक्ष अधिकाऱ्याकडे द्यावी, म्हणजे विणीच्या आधी पाहणी करून काम उरकता येईल. तातडीचा धोका असेल तर आधी कापा, नंतर पंचनामा करा. पण सगळंच तातडीचं असू शकत नाही. मे महिना दर वर्षी येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिसरं, जिथे एकाच झाडाला दर वर्षी कापावं लागतं तिथे झाडाऐवजी तार बदलावी. आच्छादित एरियल बंच केबल टाकली की फांदीपासूनचं अंतर खूप कमी चालतं. पूरपट्ट्यात भूमिगत केबलच्या स्वतःच्या अडचणी असतात, म्हणून तिथे हा मधला मार्ग जास्त सोयीचा.

१८८५ मध्ये परक्या सरकारने नगरपालिकेला काम केव्हा आणि कसं होईल याच्या अटी घालण्याचा हक्क दिला होता. १९७५ मध्ये आपल्या विधिमंडळाने तो जास्त ठोस केला. हक्क कागदावर आहे, आणि तो वापरण्याची जागा म्हणजे तुमच्या-आमच्या गावातलं नगरपालिकेचं उद्यान खातं. या वर्षीच्या छाटणीची यादी तिथे मागायला हरकत नाही. यादीच नसेल, तर देखरेख कुठून सुरू करायची हे तिथेच कळेल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.