नागपूरचा रस्ता आणि पेट्रोलचा हिशेब

पांढुर्णा आणि सौंसर येथील जुन्या मराठी कुटुंबांचा इतिहास जसा जमिनीच्या कागदांवरून लिहिता येईल, तसाच तो रस्त्यांवरूनही लिहिता येईल. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर, सौंसरहून ७०च्या आसपास. लेकींची सासरे, मोठा दवाखाना, मुलांची कॉलेजे आणि दिवाळी अंक ही सारी याच वाटेवर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सोयरीक मात्र गेली नाही. म्हणून हे अंतर कापावयास किती वेळ आणि किती पैसा लागतो, हा आमच्या दृष्टीने नुसता अर्थशास्त्राचा प्रश्न कधीच नव्हता.

प्रथम बंडी होती. तिचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर, म्हणजे नागपूरची वाट मुक्काम केल्यावाचून सरत नसे. तिचे इंधन कडबा आणि ढेप. बैल पळवावा तर चारा अधिक लागतो आणि शिवाय दुसऱ्या दिवशी बैल बसतो, हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नसे. वेग आणि इंधन यांचे नाते आमच्या भागाला यंत्र येण्यापूर्वीच ठाऊक होते. फरक इतकाच की पोळ्याला त्या इंजिनाची पूजाही होत असे. पुढे पांढुर्ण्यावरून इटारसीची मोठी रेल्वे गेली, सौंसरवरून छिंदवाड्याची छोटी गाडी धावू लागली. ही छोटी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत तिने कित्येक कुटुंबांना पेट्रोलच्या चिंतेपासून दूर ठेवले.

मोटारीने मात्र आमचा हिशेब परक्यांच्या हाती दिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, पेट्रोलचे रेशनिंग आले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडून येणारे तेलही तुटले. तेव्हा देशभर मोटारींना कोळशाच्या भट्ट्या जोडण्यात आल्या. लोणारी कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले, पण त्याची शक्ती बरीच घटे. सपाटीवर गाडी कशीबशी धावे. चढणीवर मात्र ती पायी चालणाऱ्याशी स्पर्धा करी. त्याच काळात अमेरिकेसारख्या संपन्न देशानेही मोटारींवर ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली होती, मुख्यतः रबर वाचविण्यासाठी.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. पश्चिम जर्मनीने आपल्या सुप्रसिद्ध महामार्गांवर काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा लावली; अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये ५५ मैलांची मर्यादा ठरविली, ती १९९५ पर्यंत टिकली. आमच्याकडे १२ नोव्हेंबर १९७३ रोजी ग्वाल्हेरचे तत्कालीन खासदार अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीकरांना ते नवल वाटले असेल. पोळा पाळणाऱ्या प्रदेशाला त्यात नवल कसले?

त्या संकटातूनच आपल्या देशात इंधनबचतीची संघटित चळवळ उभी राहिली आणि १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली. ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाने गाडी चालविल्यास ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर कापता येते, असे तिचे सांगणे. कारण सरळ आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. संथ गाडी मुख्यतः स्वतःचे ओझे ओढते, वेगवान गाडी त्याखेरीज समोरची हवा ढकलीत जाते.

हे आकडे आमच्या रस्त्यावर मांडून पाहू. पन्नासाच्या वेगाने लिटरला २० किलोमीटरचे ‘ॲव्हरेज’ देणारी गाडी (‘मायलेज’ हा शब्द आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला) पांढुर्ण्याहून नागपूरला पाच लिटरांत पोहोचेल. तीच ८०ने हाकली तर, वरील प्रमाण पूर्णपणे लागू झाल्यास, सात लिटर लागतील. वेळ वाचला पाऊण तास. त्याची किंमत दोन लिटर, म्हणजे आज दोनशे रुपयांहून अधिक. येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. ते प्रमाण जुन्या, चार गिअरच्या गाड्यांच्या काळचे आहे. आजच्या गाड्या ६०-७०च्या वेगातही काटकसरीने चालतात. तरीही शंभरीच्या पुढे कोणतीच गाडी स्वस्तात जात नाही.

आणि आमचा रस्ता सपाट तरी कोठे आहे? सौंसरहून छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. पांढुर्ण्याहून मुलताईकडे सातपुड्याची चढण. संत्र्यांनी भरलेला ट्रक ही चढण चढतो तेव्हा वेगाचा प्रश्न उलटा होतो. सावकाश जावे तर डिझेल वाचते. पण उत्तरेच्या बाजारात फळ उशिरा पोहोचले, नरम पडले, तर वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट नुकसान होते. बागाईतदाराच्या दृष्टीने वेग ही चैन नाही. बागेतील भावातून वाहतूक वजा होते, हे आंबिया बहाराच्या हंगामात ज्याने एकदा अनुभवले, त्याच्यापुढे काटकसरीवर प्रवचन करण्याचे धैर्य आम्हांला नाही.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे व ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज ठरू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच राज्यातील अनूपपूर येथे साध्या पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. वस्तू व सेवा करात पेट्रोल नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा; म्हणून सीमेच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा. टाकी पलीकडे भरून आणण्याची हौस आमच्यापैकी अनेकांना आहे. समजा लिटरमागे दोन रुपये वाचले आणि २० लिटर भरले, तर लाभ ४० रुपये. त्यासाठी मुद्दाम जाऊन-येऊन २० किलोमीटर गाडी चालविली, तर शंभराहून अधिक रुपयांचे पेट्रोल जळते. नागपूरला जाणारच असू तर गोष्ट वेगळी.

त्या जाण्याचेच रूप आता पालटले आहे. राज्य परिवहन महामंडळ २००५ साली मोडीत निघाल्यावर घरोघरी दुचाकी, मग मोटार आली. पांढुर्ण्यावरून जाणारा महामार्ग चौपदरी झाला. २०१८च्या अधिसूचनेने अशा रस्त्यांवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा दिली. पूर्वी नागपूरला गेलेला माणूस आत्याकडे वा मावशीकडे दोन रात्री राहून येई. आता सकाळी निघून लग्न लावतो, जेवतो आणि दिवेलागणीला घरी असतो. जे काम बंडीच्या काळी वर्षातून एका फेरीत उरके, त्यासाठी आता चार फेऱ्या होतात आणि चारही भरधाव. वाचलेले तास कोठे गेले, हे पेट्रोलच्या पावत्यांवरून कळत नाही. आत्याच्या घरी पाहुण्यांसाठी राखलेली गादी मात्र अजून माळ्यावर गुंडाळलेली आहे.