खानदेशातली डुक्कर फियाट

जुन्या इटालियन स्पोर्ट्‌स गाड्या शोधायला लोक थेट इटलीला जातात. मी अमळनेर, चोपडा, शिरपूरकडच्या जिनिंगच्या शेडमागे जातो. तिथे धुळीखाली डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००, उभी असते.

चार दरवाज्यांची ही घरगुती गाडी खरी, पण बॉनेट उघडून बघा. सिलिंडरचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १,०८९ सीसी. हे माप फियाटच्या १९३७ सालच्या ५०८-सी गाडीचं. एन्झो फेरारींनी १९४० साली आपली पहिली गाडी, ८१५, याच ५०८-सीचे भाग घेऊन बांधली. महायुद्धानंतर चिझितालिया २०२ ही देखणी कूपे आली, तिच्यातही १,०८९ सीसीचंच इंजिन. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती १९५१ साली प्रदर्शनात मांडली. आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९५४ पासून कुर्ल्यात जी फियाट ११०० बांधली, तिचंही माप तेच. पुढे प्रीमियर पद्मिनीपर्यंत ते टिकलं.

खानदेशात ती घेतली कापसाच्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी. परवान्यांच्या त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. एवढी वाट पाहून दारात आलेली गाडी बंद पडली तरी विकवत नसे. म्हणून त्या अजून सापडतात.

कोरड्या हवेने पत्रा वाचतो. समुद्रकाठच्या गाडीचा फ्लोअर गळून पडतो. आमच्याकडे उन्हाने रबर तडकतं आणि उंदीर वायरिंग खातात. पहिल्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबावर. खांब जरा कलला की दरवाजा खाली बसतो. चांगला मिस्त्री आधी दरवाजा लावून फट बघतो, मगच वेल्डिंगला हात घालतो. लांबी थापून ती फट बुजवणाऱ्याकडे गाडी देऊच नये.

चांगले मिस्त्री धुळ्यात तयार झाले, कारण मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात आणि ट्रकवाल्यांची गॅरेजं पिढ्यान्‌पिढ्या चालली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की फियाट चढावर बंद पडते. "भाऊ, पंप तपी गया," मिस्त्री न बघताच सांगतात. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलपंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर कोरडा राहतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं सावलीत थांबायचं. कायमचा उपाय हवा असेल तर पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाड पॅकिंग घालायचं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल नसावा. तेव्हा शेडमधल्या फियाटचं इंजिन जाम असलं तरी भंगारात घालू नका. रिबोअर होतं.