ओकारी, मीठ आणि साखर : कारण न कळताही वाचलेली मुले

धागा जरा मोठा आहे, सवडीने वाचा.

दीड-दोन वर्षांचे मूल रात्रीत तीनदा ओकते. ताप नाही, जुलाब नाहीत. सकाळी ते अंगणात खेळू लागते आणि काही दिवसांनी पुन्हा तीच रात्र येते. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवऱ्यासारख्या गावात अशा वेळी एकाच घरात चार निदाने होतात. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते, शेजारीण म्हणते दात येत असतील, कोणी सटवाईचे नाव घेते, आणि वडील मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणतात. त्या पुडीच्या इतिहासात ओकारीचा वाटा मोठा आहे.

आधी कारणांविषयी, कारण माणसाने शतकानुशतके शोधली ती कारणेच. आयुर्वेदात ‘छर्दि’ हा स्वतंत्र रोग आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पाचवा मला विशेष वाटतो : किळस आणणाऱ्या वस्तूच्या दर्शनाने वा गंधाने होणारी ओकारी. उपचारांत साळीच्या लाह्यांचे पाणी आहे, आणि ते शहाणपणाचे होते. बाळगुटीतल्या वेखंडाचे मात्र उलटे : उगाळताना वेढे जास्त झाले, तर जे थांबवायचे तेच ते घडवून आणते.

युरोपही फार पुढे नव्हता. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी 1882 साली नऊ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले अनिश्चित अंतराने तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस ओकत आणि मध्यंतरी ठणठणीत असत. गी यांनी वर्णन अचूक केले, पण कारण त्यांना सापडले नाही. आज या विकाराला चक्रीय वांती म्हणतात. अर्धशिशीशी त्याचे नाते असावे असे मानले जाते, तरी नेमके कारण अद्याप हाती आलेले नाही. म्हणजे ‘तपासण्या सगळ्या नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकून घरी परतणारी आई एका बऱ्याच जुन्या कोड्यापुढे उभी असते.

पण मूल दगावते ते बहुधा कारण न कळल्याने नव्हे, अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. हे प्रथम पटकीच्या साथीत उमगले. 1831-32 मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातले पाणी आणि क्षार घटलेले आढळले. लगेच 1832 मध्ये थॉमस लाटा यांनी स्कॉटलंडमध्ये शिरेतून खारे पाणी दिले. (हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानात आला आणि इथल्या तारायंत्राचा जनक ठरला.) तरीही रक्त काढणे आणि पाऱ्याची औषधे देणे पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले.

शिरेतले सलाइन रुग्णालयात मिळते, पण खेड्यात रात्री दोन वाजता काय करायचे? पाजावे तर मूल ओकते, म्हणून घरोघरी पाणीच बंद केले जाई. ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी केला. 1953 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच पटकीतल्या वांतीचे नियंत्रण आणि तोंडावाटे पाणी भरून काढणे या दोन गोष्टी होत्या. 186 रुग्णांना त्यांनी आधी ओकारी आवरणारे औषध दिले आणि मग मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले. जुलाबांसाठी त्यांनी वापरला ओव्याच्या पानांचा रस. तोच, आपल्या परसातल्या कुंडीतला! प्रयोगात तुलनेचा दुसरा गट नव्हता, या त्रुटीमुळे जगाने तिकडे काणाडोळा केला. ती त्रुटी खरीच होती, पण दुर्लक्षाची किंमत फार मोठी पडली असे मला वाटते.

1971 मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित बनगाव येथे लोटले आणि पटकी पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत तयार करवले. ते पाजायचे काम नातेवाइकांकडे दिले. रुग्ण ओकला तरी थोडे थोडे पाजत राहायचे. छावणीतला मृत्युदर सुमारे 30 टक्के होता, तो या उपचाराखालील रुग्णांत 4 टक्क्यांच्याही खाली आला. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ शोषते आणि मिठामागून पाणी आत जाते, हे शास्त्र 1960च्या दशकात प्रयोगशाळांत सिद्ध झाले होते. बनगावने ते आयांच्या हाती दिले.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. देवळालीपासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. तिथे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात तेव्हा हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने गावांतल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित होत्या. लस, स्वच्छ पाणी, सकस आहार यांबरोबर मीठ-साखरेचे पाणी करणे त्या घरोघरी शिकवू लागल्या. बालमृत्यू झपाट्याने घटले. श्रेय एकट्या त्या पाण्याचे नाही, पण ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्याच आता पाणी पाजायला शिकवत होत्या. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आजची कृती त्याच वाटेवरची आहे. मूल ओकले की दहा मिनिटे थांबायचे, मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने, ओआरएस द्यायचे. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. ओकारी हिरवी वा रक्ताची असेल, लघवी थांबली असेल किंवा मूल मलूल पडले असेल, तर चमचा ठेवून थेट रुग्णालय गाठायचे. आणि वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, आधी काय खाल्ले होते हे वहीत लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवायची. 1882 मध्ये गी यांनीही अशाच नोंदी केल्या होत्या.